अर्ध्या टनाचा ट्रक, दोन लाख मैल: जुना फुल-साइझ पिकअप पारखायचा कसा

२०१७ सालच्या दोन फोर्ड एफ-१५० शेजारीशेजारी उभ्या करा. बॉडी तीच, केबिन तेच. एकीत ५.० लिटरचं साधं व्ही-८ इंजिन आणि सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. दुसरीत ३.५ लिटरचं दोन टर्बोंचं ‘इकोबूस्ट’ (फोर्डच्या टर्बो पेट्रोल इंजिनांचं नाव) आहे आणि त्याच वर्षी नव्याने आलेला दहा गिअरचा गिअरबॉक्स. दीड लाख मैलांनंतर पहिलीच्या मालकाने बहुधा प्लग, ब्रेक आणि वॉटर पंप एवढ्यावर भागवलेलं असतं. दुसरीच्या मालकाला मात्र इंजिनाचं पुढचं झाकण उघडून कॅम फेझर (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ पुढे-मागे करणारा भाग) बदलायची वेळ येऊ शकते, आणि गिअरबॉक्स धक्के द्यायला लागला तर तो खर्च वेगळा. म्हणून ‘फोर्ड टिकाऊ की टोयोटा?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. प्रश्न इंजिन, गिअरबॉक्स आणि वर्ष या तिघांचा मिळून विचारायला हवा.

अमेरिकेत ‘हाफ-टन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ट्रकांपुरताच हा लेख आहे: फोर्ड एफ-१५०, शेवरले सिल्व्हराडो १५०० आणि तिचीच भावंड जीएमसी सिएरा, रॅम १५००, टोयोटा टंड्रा. निसानचा टायटन २०२४ मध्ये बंद झाला, त्यामुळे त्याला एक परिच्छेद पुरेल. भारतात कंपन्या यांतलं काहीच विकत नाहीत. टेक्सास, मिशिगन, न्यू जर्सीकडच्या मराठी घरांत मात्र ट्रेलर ओढायला, बागकामाच्या धंद्याला किंवा निव्वळ हौसेपोटी हे ट्रक येतात, आणि बहुतेक वेळा जुनेच येतात, कारण नव्याची किंमत ऐकूनच माणूस मागे फिरतो.

आधी ट्रकची नेमकी ओळख पटवा

जाहिरातीत ‘२०१८ सिल्व्हराडो, व्ही-८’ एवढंच लिहिलेलं असतं. विक्रेत्याकडून सतरा अंकी-अक्षरी व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) मागून घ्या. त्यातला दहावा घटक मॉडेल वर्ष सांगतो (एच म्हणजे २०१७, जे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२) आणि आठवा इंजिन सांगतो. आठव्याचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे तो मोफत व्हिन डीकोडरवर तपासा. गिअरबॉक्स किती गिअरचा, मागच्या एक्सलचं गुणोत्तर किती आणि कारखान्यातून टो पॅकेज (ट्रेलर ओढण्याची जोडसामग्री) आलं होतं का, हेही विचारा. नाही म्हणणारा विक्रेता असला तर पुढचा ट्रक बघा, बाजारात तोटा नाही.

दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो. माणसं आणि माल मिळून किती पाउंड चालतील ते त्यावर छापलेलं असतं. ‘हाफ-टन’ हे जुनं नाव आहे, प्रत्यक्ष आकडा साधारण १,४०० ते २,००० पाउंडांच्या आसपास निघतो. एक घनयार्ड खडी सुमारे २,८०० पाउंड भरते. खडी, माती, विटा वाहिलेला ट्रक किती वेळा या मर्यादेबाहेर गेला असेल याचा अंदाज मागच्या पाट्यांवरून (लीफ स्प्रिंगांवरून) येतो. रिकामा उभा असतानाही पाटे सपाट झालेले दिसले तर एक्सल, बेअरिंग आणि ब्रेक यांनीही तेच ओझं सोसलेलं आहे असं समजा.

सर्वेक्षणांचे आकडे किती मनावर घ्यायचे

जे. डी. पॉवरचा टिकाऊपणाचा अहवाल तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या मालकांना विचारून बनतो आणि शंभर गाड्यांमागे किती तक्रारी ते सांगतो. त्यात फोन न जोडला जाणं ही एक तक्रार आणि गिअरबॉक्स बसणं हीसुद्धा एकच तक्रार. दहा वर्षं जुना ट्रक घेणाऱ्याला त्याचा उपयोग बेताचाच. कन्झ्युमर रिपोर्ट्स आपल्या सभासदांकडून मागच्या बारा महिन्यांतल्या अडचणी गोळा करतं आणि इंजिन, गिअरबॉक्स, विद्युत व्यवस्था असे वेगवेगळे रकाने देतं. एकूण गुण सोडा. इंजिन (मोठं काम), गिअरबॉक्स (मोठं काम) आणि कूलिंग, हे तीनच रकाने सहा-सात वर्षांच्या पट्ट्यात बघा. एखाद्या वर्षी एकाएकी गुण घसरलेले दिसले तर त्या वर्षी नवं इंजिन किंवा नवा गिअरबॉक्स आलाय का, ते तपासा. बहुधा आलेला असतो.

‘दोन लाख मैल पार करणाऱ्या गाड्या’ अशा याद्यांमध्ये जगलेलेच ट्रक मोजले जातात. २००७ सालच्या एका टंड्राने लुइझियानात मूळ इंजिनावर दहा लाख मैल पूर्ण केले आणि २०१६ मध्ये टोयोटाने तो अभ्यासासाठी परत घेतला, हे खरं आहे. पण तो ट्रक बहुतांश हायवेवर धावला आणि त्याची सर्व्हिस वेळच्या वेळी झाली. त्याच्यावरून तुमच्या समोरच्या ट्रकबद्दल काही ठरत नाही.

कुठला ट्रक कुठे दुखतो

*फोर्ड एफ-१५०.* २००४ ते २०१० मधलं तीन व्हॉल्व्हचं ५.४ लिटर इंजिन टाळलेलं बरं. त्याचे दोन तुकड्यांचे स्पार्क प्लग काढताना तुटून हेडमध्ये अडकतात (२००८ च्या आसपास डिझाइन बदललं). कॅम फेझर आणि चेनचे टेन्शनर हेही ऑइलचा दाब कमी झाला की खडखडतात. २०११ ते २०१७ मधलं ५.० व्ही-८ आणि सहा गिअर ही जोडी या घरातली सर्वांत शहाणी. यात टर्बो नाही, सिलिंडर बंद करणारी यंत्रणा नाही. २०११-१३ च्या गाड्यांत एकच धोका: आउटपुट स्पीड सेन्सर चुकला की गिअर एकदम खाली पहिल्यावर पडू शकतो. त्यावर रिकॉल (दोष फुकट दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) झालेला आहे, कागद बघून घ्या. २०१८ पासून ५.० ला दहा गिअर मिळाले आणि काही इंजिनं ऑइल खातात अशी ओरड सुरू झाली. फोर्डने संगणकात बदल केला आणि डिपस्टिकही बदलून दिली. डिपस्टिक बदलून ऑइल कसं वाचतं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

इकोबूस्ट ३.५ चं पहिलं रूप (२०११-१६): दमट हवेत इंटरकूलरमध्ये पाणी साचून जोर लावताना इंजिन अडखळतं, ऑइल उशिरा बदललेल्या इंजिनात टायमिंग चेन ताणते, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड तुटतात. दुसऱ्या रूपात (२०१७ पासून) पोर्ट आणि डायरेक्ट असे दोन्ही इंजेक्शन आले, त्यामुळे व्हॉल्व्हवर कार्बन साचण्याचा प्रश्न मिटला. पण २०१७-२० मध्ये थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद डिझेलसारखा खडखडाट येतो. तो फेझरचा. ‘चारही फेझर सुधारित नंबरचे घातले’ असं बिल दाखवणारा ट्रक तेवढे पैसे जास्त देऊनही घ्यावा. दहा गिअरच्या गिअरबॉक्समध्ये एका ड्रमचं बुशिंग जागेवरून सरकतं, दाब गळतो आणि ३-५ च्या दरम्यान गिअर धक्क्याने पडतात. नंतर सुधारित ड्रम आला. २.७ इकोबूस्ट एकंदर बरं आहे, फक्त प्लॅस्टिकचा ऑइल पॅन गळतो आणि २०२१-२२ च्या काही इंजिनांत इनटेक व्हॉल्व्ह तुटण्यावर रिकॉल आहे.

*सिल्व्हराडो आणि सिएरा.* इथे सगळं ५.३ व्ही-८ च्या एका यंत्रणेभोवती फिरतं. २००७ पासून हलक्या ओझ्यावर १, ४, ६ आणि ७ नंबरचे सिलिंडर बंद ठेवले जातात. त्यासाठी त्या चार सिलिंडरांच्या लिफ्टरांत (कॅमची हालचाल पुशरॉड या दांड्यातून व्हॉल्व्हकडे नेणारे भाग) एक पिन ऑइलच्या दाबाने आत-बाहेर होते. ऑइलमध्ये काजळी साचली, पातळी खाली गेली किंवा लिफ्टरच सदोष निघाला की पिन अडकते आणि पुशरॉड वाकतो. त्यानंतर एका सिलिंडरचा मिसफायर (इंधन नीट न पेटणं) आणि ठक-ठक आवाज सुरू होतो. लिफ्टरचा रोलर फिरायचा थांबला तर कॅमशाफ्टही खरवडला जातो. काम म्हणजे हेड उतरवणं, आणि हेड उतरल्यावर एका बाजूचेच लिफ्टर बदलणारा मेकॅनिक तुम्हाला वर्षभरात परत बोलावतो. सोळाही बदला, कॅम बघा, व्हॅली कव्हरही (सिलिंडरांच्या दोन ओळींमधलं झाकण) नवं घाला. २०१९ पासून आठही सिलिंडर वेगवेगळ्या पद्धतीने बंद करणारी यंत्रणा आली, म्हणजे धोका आठही सिलिंडरांत पसरला. सिलिंडर बंद होऊ न देणारं प्लग-इन उपकरण मिळतं. खराब व्हायला लागलेला लिफ्टर त्याने बरा होत नाही, आणि वॉरंटीत अडचण येऊ शकते.

आठ गिअरचा गिअरबॉक्स (साधारण २०१५-१९) हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखा थरथरतो. मूळ फ्लुइड पाणी ओढून घेत असे, असं कारण पुढे आलं. जीएमने मोबिल १ चं नवं फ्लुइड लावून पूर्ण फ्लश सुचवला. फ्लशचं बिल नसलेला आठ गिअरचा ट्रक घेताना किंमत त्या हिशोबाने पाडून मागा. २०१४-१८ चं ५.३ आणि सहा गिअर ही जोडी त्यातल्या त्यात बरी, पण एसीचा कंडेन्सर फुटतो, आणि ब्रेकच्या व्हॅक्यूम पंपावर रिकॉल आहे. २०२१-२४ चं ६.२ व्ही-८ तर सरळ रिकॉलचा कागद हातात घेऊनच बघा. एप्रिल २०२५ मध्ये क्रँक आणि कनेक्टिंग रॉडमधल्या दोषासाठी अमेरिकेतल्या सुमारे सहा लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. तपासणीत पास झालेल्या इंजिनांना जाड ०डब्ल्यू-४० ऑइल लावून दिलं. पास म्हणजे निर्धोक असं मानायला मन धजत नाही.

*रॅम १५००.* २०१३ पासूनचा झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा गिअरबॉक्स या चौघांत माझ्या मते सर्वांत गुळगुळीत आणि भरवशाचा. दुखणं ५.७ हेमी इंजिनात आहे, आणि तिथे दोन वेगळ्या ‘टिकटिकी’ ओळखता आल्या पाहिजेत. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट, बहुधा सर्वांत मागचा, तुटला की थंड इंजिनात टिकटिक येते आणि धातू तापून फट बंद झाली की थांबते. हे काम किरकोळ नाही, पण इंजिनाच्या पोटातलं नाही. इंजिन पूर्ण तापल्यावरही टिकटिक चालूच राहिली, किंवा वाढली, तर लिफ्टरचं रोलर बेअरिंग गेलेलं असू शकतं. ते कॅमच्या लोबला खात जातं आणि लोखंडाची भुकटी ऑइलमधून सगळीकडे फिरते. दोन्हींची दुरुस्ती वेगळी आणि खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. ३.६ व्ही-६ मध्ये ऑइल फिल्टरचं प्लॅस्टिक हाउसिंग व्ही-च्या खोबणीत गळतं. ऑइल तिथेच साचतं, जमिनीवर थेंब दिसत नाही. इनटेक प्लेनमच्या खाली टॉर्च मारून बघा. ३.० इकोडिझेल (२०१४-१९) वर ईजीआर (एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) कूलरचा रिकॉल झाला आणि प्रदूषणाच्या खटल्यातही ते अडकलं. दुसऱ्या मालकाने त्या फंदात पडू नये. एअर सस्पेंशन असेल तर रात्रभर उभा ठेवून सकाळी एखादा कोपरा खाली बसलाय का ते बघा.

*टंड्रा.* २००७-२१ मधलं ५.७ व्ही-८ जड आहे आणि पेट्रोल पितं, पण इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्सल यांपैकी एकही नेहमीचा रोगी नाही. ज्ञात दुखणी अशी: दुय्यम एअर इंजेक्शन पंपात पाणी शिरून इंजिन मर्यादित ताकदीवर जातं, कॅम टॉवरच्या सांध्यातून ऑइल पाझरतं, आणि वॉटर पंप गळतो. २००० च्या दशकातल्या चॅसी मात्र गंजाने कुजल्या. २०००-०३ च्या टंड्रांवर रिकॉल झाला, आणि २००७-०८ च्या टंड्रा चॅसीच्या मोठ्या न्यायालयीन तडजोडीत होत्या. ४.७ व्ही-८ ला टायमिंग बेल्ट आहे, दर ९०,००० मैलांना बदलायचा. २०२२ पासूनचं ३.४ लिटर ट्विन टर्बो हे सर्वस्वी वेगळं इंजिन. यंत्रकामात राहिलेल्या धातूच्या कणांमुळे मुख्य बेअरिंग बसण्याची शक्यता म्हणून २०२४ मध्ये सुमारे १,०२,००० गाड्यांवर रिकॉल झाला आणि पुढे व्याप्ती वाढली. ‘टोयोटा आहे’ एवढ्यावर २०२२ चा टंड्रा घेऊ नका. नाव जुन्याने कमावलेलं आहे.

*टायटन.* ५.६ व्ही-८ दणकट. मॅनिफोल्डला चिरा जातात, आणि जुन्या मॉडेलात मागचा डिफरन्शियल कच्चा. स्वस्त मिळतो, पण पुढे सुटे भाग मिळण्याचा विचार करून घ्या.

ट्रकपाशी गेल्यावर

विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर ‘का तापवलं?’ हे विचारा आणि दुसऱ्या दिवशी या. फेझर, लिफ्टर आणि मॅनिफोल्ड हे तिघेही पहिल्या तीस सेकंदांत बोलतात. फोनवर आवाजासह चित्रण करा आणि दहा मिनिटांनी तापल्यावर परत करा. दोन्ही चित्रणं मेकॅनिकला ऐकवली की निम्मं काम होतं.

मग इंजिनाचे तास. फोर्ड, रॅम आणि जीएमच्या बहुतेक ट्रकांत डॅशबोर्डच्या मेनूत ‘इंजिन अवर्स’ मिळतात. एकूण मैलांना तासांनी भागा. १,२०,००० मैल आणि ३,००० तास असतील तर सरासरी ४० मैल, म्हणजे हायवेचा ट्रक. त्याच मैलांना ६,००० तास असतील तर सरासरी २०. हे इंजिन अर्धं आयुष्य साइटवर एसी लावून उभं राहिलेलं आहे. रनिंग तेच दिसतं, पण झीज दुप्पट वेळाची असते. हेमीच्या बाबतीत हा आकडा रनिंगपेक्षा मोलाचा, कारण आयडलवर कॅम आणि लिफ्टरवर ऑइल कमी उडतं. २५ च्या खाली सरासरी आली तर हेमी सोडून द्या.

खाली झोपायची तयारी ठेवा. जुने कपडे, टॉर्च, लहान हातोडी. चॅसीवर ठोकत जा: स्टेपनीच्या वरचा भाग, मागच्या पाट्यांच्या कड्या, एक्सलवरची कमान. घट्ट ‘टण’ आवाज ठीक. ‘भद्’ आला किंवा पापुद्रे पडले तर उठा आणि निघा. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क, पेन्सिल्व्हेनिया इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं. नुकताच काळा रंग मारलेली चॅसी ही शोभेची गोष्ट नव्हे, रंगाखाली काय आहे तेच बघायचं असतं. एफ-१५० ची बॉडी २०१५ पासून अ‍ॅल्युमिनियमची असली तरी चॅसी पोलादीच आहे. जुन्या जीएम ट्रकांत ब्रेकच्या लोखंडी नळ्या आधी कुजतात, त्यांवर बोट फिरवा.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारं उपकरण) वीस-तीस डॉलरला मिळतो. ‘चेक इंजिन’चा लाइट पेटलेला नाही यावर समाधान मानू नका. ‘रेडिनेस मॉनिटर’ (गाडीच्या संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या) अपूर्ण दाखवत असतील तर बहुधा कोणीतरी नुकतेच कोड पुसले आहेत. ‘पर्मनंट कोड’ स्कॅनरने पुसता येत नाहीत, तेही वाचा. जीएममध्ये सिलिंडरनिहाय मिसफायरची नोंद बघा. १, ४, ६, ७ पैकी एकाचाच आकडा चढलेला असेल तर लिफ्टरचा संशय धरा.

चालवताना ४० ते ६० मैल वेगात पाय अगदी हलका ठेवून लांब चढ पार करा. आठ गिअरचा थरथराट जोर दिल्यावर लपतो आणि हलक्या पायाखाली दिसतो. मग थांबून चारचाकी ड्राइव्ह हाय आणि लो दोन्हीत घालून बघा. सौदा पक्का करण्याआधी ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता आला तर उत्तम, साधारण चाळीस डॉलर लागतात. लोखंड आणि तांबं जास्त निघालं तर झीज, सोडियम आणि पोटॅशियम निघालं तर कूलंट ऑइलमध्ये शिरतंय, आणि टर्बो इंजिनात पेट्रोलचं प्रमाण बघायचं. ऑइल कालच बदललेलं असेल तर हा अहवाल कुचकामी.

एनएचटीएसए या अमेरिकेच्या सरकारी वाहतूक-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर व्हिन टाकून उघडे रिकॉल बघा. तिथेच त्या मॉडेलचे टेक्निकल सर्व्हिस बुलेटिन (कंपनीने मेकॅनिकांसाठी काढलेल्या दुरुस्तीच्या सूचना) मिळतात. मेकॅनिकला छापून द्या, तो तेवढ्याच जागा नीट तपासेल.

पैशाचं गणित

समजा, २०१६ चा टंड्रा २८,००० डॉलरला आणि त्याच सालचा, तेवढ्याच रनिंगचा सहा गिअरचा सिल्व्हराडो ५.३ हा २१,००० ला मिळतोय. तुम्ही अजून ८०,००० मैल चालवणार. विकताना टंड्राचे १६,००० आणि सिल्व्हराडोचे ९,००० आले असं धरा. दोघांचीही घट १२,००० डॉलर. चारचाकी टंड्रा गॅलनला साधारण १५ मैल देतो, सिल्व्हराडो १८. म्हणजे ५,३३३ विरुद्ध ४,४४४ गॅलन. सव्वातीन डॉलर दराने टंड्राला सुमारे २,९०० डॉलर पेट्रोल जास्त लागतं. सिल्व्हराडोच्या लिफ्टरच्या कामाला ४,५०० डॉलर धरा आणि तिनात एकदा ते निघेल असं माना, तर राखीव रक्कम १,५०० झाली. कागदावर सिल्व्हराडो स्वस्त पडतो!

पण लिफ्टर गेला की ट्रक आठवडा-दोन आठवडे गॅरेजात बसतो. रोजच्या कमाईचा ट्रक असेल तर बुडालेले दिवस त्यात धरा, आणि गणित टंड्राकडे झुकतं. शनिवार-रविवारच्या ट्रेलरसाठी हवा असेल तर कागदपत्रं चोख असलेला सिल्व्हराडो किंवा ५.० ची २०१५-१७ ची एफ-१५० घ्या. माझा कल या एफ-१५० कडे. आपल्या भागातले भाव घालून हा हिशोब स्वतः करा, उत्तर बदलू शकतं.

घेतल्यावर

डॅशबोर्ड दहा हजार मैल सांगत असला तरी ऑइल ५,००० ला बदला. २०१४ पासूनच्या ५.३ ला आठ क्वार्ट, हेमीला सात, ३.५ इकोबूस्टला सहा लागतात. इकोबूस्टचे प्लग ट्रेलर ओढत असाल तर ६०,००० च्या आत बदला, हेमीत प्लग सोळा असतात हे लक्षात ठेवून किंमत विचारा. गिअरबॉक्सचं फ्लुइड ‘आयुष्यभराचं’ म्हणतात ते वॉरंटीच्या आयुष्याचं. ओढकाम असेल तर ६०,००० मैलांना बदला, सोबत दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचंही (ताकद पुढच्या-मागच्या एक्सलांत वाटणारा डबा). मिठाच्या पट्ट्यात राहत असाल तर दर ऑक्टोबरात चॅसी धुऊन, दोन दिवस वाळवून लॅनोलिनचा थर फवारा. ओल्यावर फवारला तर गंज आतच कोंडला जातो. आणि महिन्यातून एकदा ओल्या किंवा कच्च्या रस्त्यावर चारचाकी ड्राइव्ह घालून मैलभर चालवा. कोरड्या डांबरावर नको, पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना पिळतात.